डि लघू

सोहार. एक्स-रेच्या खिडकीपाशी
दिलावर परकार विचारतो,
"फोरमनला सांगू काय? पाठ दुखते म्हटलं
की तो म्हणतो, माझी पण."

मी पाकिटावर शब्द फोडते:
स्पॉन् – डि – लो – लिस् – थे – सिस्.
साठेबाईंची सवय, हात आपसूक
वर लघु-गुरूच्या खुणा करत जातो.
राजभा. मातारा.
एवढ्या थोरल्या ग्रीक शब्दात
लघू एकटाच, तो डि.

"परांची चढता तसं म्हणा."
तो चढतो. स्पॉन्, डि,
आणि लो-वर जीभ निसटते. पुन्हा तिथेच.
त्याला कसं सांगू, सांधा त्या अक्षराच्या पोटातच आहे:
ल् मणक्याचा,
ओ घसरण्याचा.
फिल्मवर दिसतं तसंच,
एकावरून एक, बोटभर पुढे.

सातव्या खेपेला तो वर पोचतो.
खाली बघत नाही.

दुपारी पार्किंगच्या तुटपुंज्या सावलीत
तो फोनवर, पाकीट डोळ्यांसमोर धरून.
पलीकडे दाभोळला कुणीतरी शब्द गिरवतंय.
"तसा नाय गो, जुलेखा,
डि-वर थांबू नको.
ती लघू हाय."