इतिवृत्तात दुरुस्ती

आठ जण लागतात.
पंधरांच्या मंडळात आठ, म्हणजे गणपूर्ती.
एकही कमी, तर आम्ही नुसती
खोलीत चहा निववत बसलेली माणसं.

त्या संध्याकाळी सहाला सात होते.
वारा असा की ऑर्कनीची बोट सुटलीच नाही,
मॅग्नस फ्लेटचा फोन आला, आवाजात लाटा.
हिशेब तपासणाऱ्या बाई बर्फात कुठेतरी, गाडीसकट.
मी टेबलाच्या टोकाला, वही उघडून.
बावीस वर्षं या कॉलेजच्या सभा लिहिते आहे.
माझं मत कुणी विचारत नाही, तेच बरं.
लिहिणाऱ्यानं मत ठेवलं की अक्षर बिघडतं.

टेबल आमचंच,
सुतारकामाच्या कुठल्याशा तुकडीनं केलेलं.
एक पाय आखूड. त्याखाली घडी करून सारलाय
कुठल्याशा वर्षाचा धोरण-आराखडा.

अध्यक्ष एल्स्पेथ गन घड्याळाकडे बघत नव्हती.
मासळीच्या कारखान्यात तीस वर्षं जमाखर्च सांभाळलेली बाई,
तिच्यापुढे आकडा खोटं बोलायला धजत नाही.
पाचवा विषय: वेल्डिंगची कार्यशाळा बंद करणे.
विद्यार्थी अकरा.
धूर ओढणारा पंखा बदलायचा तर छप्पर उघडावं लागेल.
प्राचार्य मोवॅटनी तक्ता फिरवला,
त्यातली रेघ खाली, आणखी खाली, मग कागद संपला.

सहा दहाला दार उघडलं.
कीरा बेन, विद्यार्थी प्रतिनिधी,
केसांत गारा, बाहीला ठिणग्यांनी पाडलेली भोकं.
त्या अकरांतली एक.
"आले," म्हणाली,
आणि आम्ही आठ झालो.

दुसरा विषय, हितसंबंध जाहीर करणे.
इथे दरवेळी सगळे माना हलवतात, मी लिहिते: नाहीत.
कीरानं हात वर केला.
"पाचव्या विषयात माझे हातमोजे आहेत."
कुणी हसलं नाही. मी नियम काढून वाचला.
बसता येतं. मतही देता येतं.

तिची पाळी आली तेव्हा हातात कागद नव्हता.
धक्क्यावरच्या कुठल्या शिडीचा कुठला सांधा
कुणी, कुठल्या थंडीत जोडला, तिला पाठ होतं.
मी लिहिलं: सदस्यांनी चर्चा केली.

तीन बाजूनं. तीन विरुद्ध. एक तटस्थ.
उरलं अध्यक्षांचं.
एल्स्पेथनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
याला माझ्याकडे रकाना नाही.
"बंद," ती म्हणाली. "या अकरांचं शिक्षण पुरं करून मग.
आणि पत्र पाठवायचं नाही कुणी.
उद्या आठला मी खाली जाऊन सांगते."

गेली. कोट अंगातच ठेवून उभी राहिली.
ह्यूई सिंक्लेरनं बस म्हटलं नाही, यंत्रही थांबवलं नाही लगेच.
जे काय ऐकायचं ते ऐकून ती वर आली.
दिवसभर तिच्या कोटाला जळक्या लोखंडाचा वास.
हेही इतिवृत्तात नाही.

पुढची सभा. वारा पडलेला, तेरा जण हजर.
पहिला विषय नेहमीचा, मागील इतिवृत्त कायम करणे.
पान उलटेपर्यंत होऊन जातं ते, पुटपुटत.
"दुरुस्ती आहे," कीरा म्हणाली.
"पान एक. 'बस उशिरा आल्यामुळे सहा दहाला आगमन.'
बस वेळेवर होती.
मी दहा मिनिटं दाराबाहेर उभी होते.
काचेतून माणसं मोजत."

रेडिएटरमध्ये पाणी वाजलं.
मोवॅटनी पेनाचं टोपण लावलं, काढलं.
सात मोजून ती तशीच फिरली असती,
तर त्या रात्री पाचवा विषय विषयच राहिला असता.
मग आत का आलीस,
हे तेरांपैकी कुणीही विचारलं नाही.

"दुरुस्ती मंजूर?" एल्स्पेथ म्हणाली.
हात वर गेले, तिचा सगळ्यात आधी.

मी बस खोडली.
त्या जागी तिनं सांगितलं तेवढंच लिहिलं.
अक्षर जरा तिरकं आलं.
तसंच ठेवलं.