शिरगोळा

दुधी प्लेट खिडकीच्या उजेडाला धरते.
पाचव्या दिवशी तिच्यात एक भोक दिसतं.
भोक नव्हे,
दूध विरून काच मोकळी झालेली जागा,
वाटाण्याएवढी,
आणि मधोमध चिकट पिवळसर ठिपका.
घाटीगाव-सात.

नाव मीच ठेवलं, मार्करने, झाकणावर.
माती हरविलासने आणलेली,
विडीच्या बंडलाच्या कागदात,
त्याचे वडील जिथे फरशी फोडायचे
त्या खदानीच्या कडेची.
"जहाँ कुछ नहीं उगता, मैडम, वहीं से लाया।"
जिथे काही उगत नाही
तिथेही कुणीतरी जेवत असतं,
ताट तेवढं दिसत नाही.

लष्करात, आमच्या दोन खोल्यांपुढच्या ओट्यावर
रमाआत्या दिवाळीआधी शिरगोळा कुटायची.
खलबत्त्यात गारगोटी तडतडायची,
मग जुन्या धोतरातून वस्त्रगाळ.
नाकाला पदर घट्ट बांधून.
आम्हा पोरांना लांब पिटाळायची,
"छातीत बसतं ते, परत निघत नाही."
तिला हे कुणी सांगितलं होतं, माहीत नाही.
खदानीत कुणी सांगितलं नाही.

त्याच रांगोळीची एक चिमूट
मी फ्लास्कमध्ये टाकून पाहिली.
महिनाभर शेकरवर हलवली.
जवळजवळ काहीच विरलं नाही.
गारगोटी ती गारगोटीच.
शेतातल्या मातीतले दगड मऊ मनाचे,
त्यांच्यावर हे जीव आंबट काहीतरी सोडतात,
आत्या तांब्याच्या बंबाला चिंच लावायची तसं,
आणि बसून राहतात.
घाई नाही त्यांना.
घाई मला, मार्चात अहवाल द्यायचा असतो.

डबऱ्याच्या पुढे, हरसीच्या कालव्याकाठी,
रोपांची मुळं बादलीत बुडवताना
लावणीवाली बिटोली म्हणाली,
"इसमें कीड़े हैं?"
आहेत, पण दिसत नाहीत.
"तो फिर गिनोगी कैसे?"
आणि चिखलात हात घालून
तिने पुढची जुडी उचलली.

सप्टेंबरच्या शेवटी एका रात्री वारं सुटलं.
सकाळी तिसरा वाफा पार झोपलेला.
पाचवा उभा.
दुसरा, ज्याला आम्ही काहीच दिलं नव्हतं,
तोही उभा. लिहून ठेवलं.
सहावा नीलगाईंनी खाल्ला, तेही लिहिलं.
पाचव्यात शिरले तर पानाने बोट कापलं,
इतकं बारीक, की रक्त
विचार करून आलं.
विरलेला दगड मुळातून चढून
पानाच्या कडेला पुन्हा दगड झालेला.
मी बोट तोंडात घातलं.
चव रक्ताचीच होती.

मंगळवारी हरविलास
साडीच्या दुकानाच्या पिशवीतून
एक्स-रे घेऊन आला.
ठेवायला जागा नव्हती म्हणून
प्लेटशेजारीच, त्याच काचेला टेकवला.
काळ्यावर पांढरे ठिपके, दोन्ही बाजूंना,
कुणी रांगोळी उधळावी तसे.
शेजारी पांढऱ्यात मोकळं वर्तुळ.
त्याने आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे.
"आपका वाला इतना पत्थर खा लेगा?"

नाही, म्हटलं.
लगेच म्हटलं, आणि नंतर वाटलं
जरा थांबून म्हणायला हवं होतं.

त्याने मान हलवली.
वडील आता आडवे होत नाहीत, म्हणाला,
आडवं झालं की श्वास अडतो,
भिंतीला टेकून, बसूनच झोपतात.
पाचव्या वाफ्याचा भात मात्र
परवा दोन घास जास्त जेवले.
हे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं
मला कळलं नाही.

एक्स-रे पिशवीत गेला.
प्लेट मी परत कपाटात ठेवली, तीस अंशांवर.
हरविलासने बादली उचलली,
दारात वळून म्हणाला,
कालव्याचं पाणी चारला सुटतंय,
जाऊन नाकं बघतो.
त्याच्या चपलांची लाल धूळ
फरशीवर राहिली.
झाडूवाली येईपर्यंत
मी ती ओलांडूनच ये-जा केली.