नग क्रमांक चारशे बारा

हुल्लोळी पोस्टमन गल्लीच्या तोंडालाच दोनदा हॉर्न मारतात,
मग मला कळतं, पेटी आली.
फॉर्म कन्नडमधला. मी मराठीत सही करते,
ते इंग्रजीत तारीख घालतात,
आणि कस्टमचे चार हजार दोनशे
दोघंही एकदमच पुटपुटतो.
"एनैति इदराग?"
"चित्र," म्हणते मी.
हा शब्द दोन्हीकडे चालतो.

उद्यमबागेत पंपांची ड्रॉइंगं काढून
सहा महिन्यांच्या ओव्हरटाइमची ही पेटी.
घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका मुलीची मालिका,
अकरा भाग, तिकडेही फारशी कुणी न पाहिलेली.
प्लास्टिक मी खालच्या कडेनं कापते, ब्लेड आडवं धरून.
ते फेकायचं नसतं.
कण्याभोवतीची कागदी पट्टीही फेकायची नसते,
तिला ओबी म्हणतात,
मी मनात ओवी म्हणते,
नाहीतरी वाचता येत नाही.

तीन तबकड्या. स्टोरीबोर्डाचं पुस्तक,
त्यात पेन्सिलीचे डाग जसेच्या तसे छापलेले.
चार पोस्टकार्डं, कुणालाच न पाठवायची.
आणि पाकिटात फिल्मची एक चौकट,
ती ज्याच्या त्याच्या नशिबाची:
कुणाला मुलीचा चेहरा येतो, कुणाला हात.
मला आभाळ आलं.
नुसतं आभाळ, बिनढगाचं.

तबकडीला प्रदेश असतो. जपान ए, आपण सी.
पहिली पेटी आणली तेव्हा पडद्यावर उमटलं होतं,
ही तबकडी या प्रदेशात चालणार नाही.
बेळगावात वाढलेल्या माणसाला हे वाक्य नवं नाही.
खडेबाजारात सनदींच्या पोरानं
प्लेअरचं कुलूप दीडशे रुपयांत काढलं.
इतक्यात मिटलं.
सबटायटल नाहीत त्याचंही काही वाटत नाही.
लहानपणी बडिगेरांच्या दारात उभं राहून
मी अख्ख्या मालिका तोंडांकडे बघत समजून घेतल्यात.

"परत पेटी आणलीस गं?"
बाबा उंबऱ्यात. वडगावात आता सकाळी
आमच्या घरातून आवाज येत नाही,
दोन्ही माग वजनावर गेले, परवाच्या दिवाळीआधी.
त्यांनी हात लुंगीला पुसले,
पेटीवरच्या निळ्या कापडावर अंगठा फिरवला,
उलटा, मग सुलटा.
आत गेले. फळीवरच्या डब्यातून
सूत मोजायचं भिंग घेऊन आले.

बराच वेळ वाकून.
"इंचाला बावन्न. काठाला ताण कमी पडलाय.
रंग मात्र सुताला दिलाय, कापडाला नव्हे."
मग भिंगातनंच,
"किती काढल्यात असल्या?"
"पंधराशे. ही चारशे बारावी."
"आणि परत?"
"परत नाही काढत."
"का? माग विकला काय त्यांनी?"

मी पुस्तिका चाळत राहिले.
मागच्या पानावर कामगारांची नावं होती,
ओळीच्या ओळी, बारीक टाइपात,
कापड कुणी विणलं ते असेलही त्यात.

फिल्मची चौकट त्यांनी उजेडाला धरली.
"ह्यात काय न्हाई."
"आभाळ आहे ते."
भिंग लावलं. एक डोळा मिटला.
"ठिपका हाय. वर, डावीकडं."
"धूळ असेल."
"धूळ न्हवं. काढलेला हाय कुणीतरी."

मी बघितलं. होता.
पक्षी की पतंग, ते इतक्या बारीकात ठरत नाही.

रात्री पहिली तबकडी लावली, आवाज बारीक करून.
बाबा कॉटवर अर्धवट झोपेत,
तिनं घड्याळ उघडलं की मान उचलून बघत.
सकाळी पेटीतलं सगळं परत खणात लावताना
भिंग तिथंच होतं, पोस्टकार्डांवर.
विसरले की ठेवलं, मी विचारलं नाही.
पुस्तिकेतल्या यादीत त्याची नोंद नाही.