चौसष्ट अक्षरं

सेलूत, जिंतूर रोडच्या कॉलेजात
लॅबमधे बावीस मशीन, त्यातली एकोणीस चालू.
उद्या दहाला बाहेरचे परीक्षक
आणि कंपायलर एकाही मशीनवर नाही.

फाईल उतरते. अठ्ठ्याण्णव टक्के. नव्व्याण्णव.
शंभर.
मग लाल ओळ: चेकसम जुळत नाही.
पुसते, पुन्हा उतरवते.
जुळत नाही.

जिनिंगचा भोंगा होऊन गेला.
खिडकीतून सरकीचा वास,
कीबोर्डच्या फटींत कापसाचे तंतू,
जे मी सोमवारी ब्रशनं काढते
आणि मंगळवारी परत असतात.

लाईनीला शिव्या दिल्या. केबल बदलली.
मोबाईलचं नेट लावायला छतावर गेले,
तिथं एकच कांडी, तीही पाण्याच्या टाकीजवळ.

खाजामियाँ कुलूप घेऊन दारात.
"मॅडम, अजून किती?"
बसा, म्हटलं. माझ्यासोबत वाचा.
खरं काय यायला पाहिजे ते या कागदावर आहे,
आलंय काय ते मी पडद्यावरून सांगते.

शिपाई ते प्रेस बंद पडल्यावर झाले.
त्याआधी परभणीत सव्वीस वर्षं खिळे जुळवले:
लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, मोंढ्याच्या पावत्या.
अजून आरशातली पाटी सरळ वाचतात.

"शून्य ते नऊ, आन ए ते एफ. एवढंच?"
एवढंच.
"सोळा खणांत भागतं तुमचं?
आमची नुसत्या जोडाक्षरांची पेटी
दोघांनी उचलावी लागायची."

"नऊ," ते म्हणाले. माझ्याकडे सी.
"ए." माझ्याकडे चार.
"तीन." माझ्याकडे एफ.
मधेच एक पाच पाचाला भेटला,
तोही योगायोगानं.

"ही तर दुसरीच फाईल हाय."
तीच आहे, चाचा. आत कुठंतरी
एक ठिपका इकडचा तिकडं झाला
की सगळं नावच बदलतं.

ते गप्प झाले.
"आमच्यात वेलांटी चुकली तर वेलांटीच चुकायची.
नवरी तीच राहायची."

मग माझी डायरी ओढली. कालचं पान, परवाचं पान
शेजारी शेजारी ठेवली, प्रूफं ठेवावीत तशी.
"काल पण सी चार एफ. परवा पण सी चार एफ.
मॅडम, वाऱ्यानं दाणे सांडले
तर रोज येगळे सांडतेत.
रोज तेच तेवढेच सांडत असतील
तर पोतं बघा."

पोतं कपाटामागं होतं.
बदली होऊन गेलेल्या घुगे सरांनी बसवलेला जुना डबा:
एकदा आलेली फाईल जपून ठेवायची,
पुन्हा कुणी मागितली की तीच द्यायची.
तेवढंच नेट वाचतं. चांगला माणूस.
कधीतरी दुपारी लाईट गेली,
अर्धी तुटलेली फाईल त्यानं पूर्ण समजून ठेवून घेतली
आणि तेव्हापासून इमानानं
मला तीच देत राहिला.

"मपलं नाव पण आसंच," खाजामियाँ म्हणाले,
"पहिल्या कागदावर कुणीतरी काजमिया लिवलं.
दुरुस्तीचा अर्ज दिला की
त्याच कागदावरून तपासतेत.
म्हणतेत, बरोबर तर हाय."

साठा रिकामा केला.
एक्केचाळीस मिनिटं. इन्व्हर्टर दोनदा ओरडला.
त्यांनी डब्यातली अर्धी भाकर मला दिली, ठेचा नको म्हटलं तरी दिला.

नऊ. नऊ.
ए. ए.
तीन. तीन.
चाळिसाव्याच्या पुढं आम्ही दोघंही
का कोण जाणे, हळू आवाजात बोलू लागलो.
डी.
डी.

मी खुर्चीवरून उठले नाही.
त्यांनी माझा लाल पेन घेतला,
कागदाच्या कोपऱ्यात तिरकं लिहिलं: छापा.
खाली सही, पूर्ण नावाची,
चंद्रबिंदू सावकाश देऊन.

मग कुलूप टेबलावर ठेवलं
आणि बाह्या वर केल्या.
"पुढची मशीन कोणती?
एकोणीस म्हणलात ना?"