येतेर म्हणजे पुरे

चौथीही मुलगीच झाली, तेव्हा बापानं
नोंदवहीत लिहायला सांगितलं: येतेर.
म्हणजे पुरे. आता बस्स.
कारकुनानं मान वर केली नाही.
त्या वहीत या नावाच्या आधीच तिघी होत्या.

आता ती एकसष्ट वर्षांची आहे
आणि पहाटे साडेचारला भेंडीच्या सरीत वाकली आहे,
हातांत नवऱ्याचे लोकरी मोजे, बोटांपुरते कापलेले,
कारण कूस.
कूस दिसत नाही.
दुपारी मानेवर, कोपरात, पापणीच्या कडेला
कळते.

अमास्याच्या या अंगाला
भेंडीला मोठं होऊ देत नाहीत.
काल सकाळी फूल उमललं, फिकट पिवळं, घशाशी डाळिंबी,
काल संध्याकाळी मिटलं,
आज तिथं करंगळीच्या नखाएवढं काहीतरी आहे,
वर सुकल्या फुलाची टोपी.
एवढंच खुडायचं.
तहसीन व्यापाऱ्याकडे पत्र्याची चाळणी आहे.
भोकातून पडली तिला भाव,
अडकली ती घरी, टोमॅटोत.
उद्यावर टाकलंत तर बोटभर,
परवा निबर,
मग गाढवंसुद्धा हुंगून पुढं जातात.

म्हणून रोज तोडा.
ताप असला तरी तोडा.
नवरा गेला त्या दिवशीही
बायका रडून झाल्यावर
दोघी-तिघी टोपल्या घेऊन खालच्या शेतात गेल्या,
कुणी काही बोललं नाही,
तिसऱ्या सरीपर्यंत उजाडलं.

दुपारी तुतीखाली चटई.
सुईत दोरा, दोऱ्यात भेंडी,
एकीला एक खेटून, हिरव्या मण्यांसारखी.
दहा किलो ओली, वाळून जेमतेम एक.
कोन्याच्या लग्नांत, म्हणे,
मटण आणि गोड यांच्या मध्ये
लिंबू पिळलेलं भेंडीचं सार वाढतात,
जिभेवरचं आधीचं सगळं धुऊन निघावं म्हणून.
येतेर कोन्याला कधी गेली नाही.
तिच्या माळा गेल्या. किती, ते कोण मोजणार.

येतेरच्या पाठीवर मुलगा झाला.
दुरसुन. म्हणजे राहू दे, टिकू दे.
टिकला.
श्टुटगार्टला टिकला.
शेत त्याच्या नावावर आहे.
ऑगस्टात येतो, तुतीखाली खुर्ची टाकतो,
बहिणीची वाकलेली पाठ लांबून पाहतो
आणि ओरडतो: येतेर, येतेर!
यातलं नाव कोणतं आणि हुकूम कोणता,
तिनं कधी विचारलं नाही.

झाडाला मात्र पुरे ठाऊक नसतं.
रोज खुडलं की रोज देतं,
अजून आपलं बी धरलंच नाही असं समजून.
पानाआड एक शेंग जरी चुकली,
वाढली, शिरा ताठल्या, आत दाणे वाजू लागले,
की झाड हात आखडतं.
फुलं बारीक होतात, मग थांबतात.
झालं माझं, म्हणतं.
येतेरला हे आईच्या दुधाबरोबर कळलेलं.
एकेचाळीस उन्हाळे तिनं पान न् पान उलटून पाहिलंय.

आज शाळेला सुट्टी म्हणून शेजारची दिलारा मदतीला आहे.
झपझप खुडते, अर्ध्या भेंड्यांचे देठ तोडते, बोलत राहते.
शेवटच्या सरीत, पाटाजवळ,
तिला वीतभर लांबीची एक दिसली,
करडी पडत चाललेली,
देठाला लाल लोकरीची गाठ.

येतेर आत्या, ही राहिली!

येतेरनं वळून पाहिलं नाही.
मोज्यातून एक कूस दातांनी ओढून काढत म्हणाली:
दुरसुन.

तुतीखाली चहाचा पेला खाली ठेवून
भाऊ अर्धवट उठला.
काय गं, म्हणाला.
कुणी उत्तर दिलं नाही. त्या दोघी
पुढच्या झाडावर होत्या.