रकाना नऊ

बाई, गाव सही कुठं करतंय?
मारुती मदने अर्ज काउंटरवर ठेवतो.
मागे आणखी सहाजण,
सगळ्यांच्या गळ्यात एकेक शिट्टी,
हिरव्या नाडीची, पिवळ्या नाडीची,
एकाची नुसत्या सुतळीला.

विजयनगरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर
माझं टेबल शस्त्र परवान्याचं.
विट्याकडचे गलाईवाले येतात,
परमुलखातून सोनं घेऊन परतताना
कमरेला काहीतरी असावं म्हणून.
‘सदऱ्याखाली दिसू नये,
पण आहे हे समोरच्याला कळावं,’
एकजण हसत म्हणाला होता.
उसात डुकरं शिरलेले येतात.
वरातीत उडवायचंय असं मात्र
आजवर कुणी लिहिलं नाही.

रकाना नऊ : शस्त्र कशासाठी हवे.
स्वतःसाठी. पिकासाठी. खेळासाठी.
यांतलं एक ठेवून बाकीची खोडायची.
मदनेनं तिन्ही खोडली आहेत
आणि शाईच्या पेनानं समासात लिहिलंय :
गावासाठी.

बंदूक बाबर अण्णांची, ठासणीची, एकनळी.
अण्णा गेले श्रावणात.
पोरगा पिंपरीला, त्याला नको.
‘आम्ही रात्रीची गस्त घालतो, ग्रामसुरक्षा दल,
हे कार्ड, ह्यो ठाण्याचा शिक्का.
आभाळात लाल दिवा फिरला
की बायका पोरं माळवदावर.
दलाच्या नावानं करून द्या.’

मी नियमांचं पुस्तक उघडलं,
दल म्हणजे कोण ते शोधत.
दलाला काठी आहे, बॅटरी आहे,
दलाला अंगठा नाही.
परवान्याला अंगठा लागतो, डाव्या हाताचा,
जन्मतारीख लागते, वडिलांचं नाव,
चारित्र्याचा दाखला.
गावाचं चारित्र्य कोण तपासणार,
आणि तपासलंच, तर?

जुन्या दप्तरात एक शब्द असायचा, शिबंदी.
गडाच्या दाराशी उभी केलेली,
पगार थकला की घरी जाणारी माणसं.
आता नोटिशीत सुद्धा येत नाही तो.

मदनेचा पणजा वेशीवर झोपायचा,
म्हणजे झोपायचा नाही.
गावानं त्याला राखण दिली,
सरकारानं त्याच चावडीवर
त्याची रोज हजेरी लावली.
हे त्यानं तक्रार म्हणून सांगितलं नाही,
पत्ता सांगावा तसं सांगितलं.
‘आज्याच्या वक्ताला पत्री सरकार आलं.
तवा पोरांनी बंदुका घेतल्या, अर्ज नव्हता केला.’
जरा थांबून :
‘केला असता तर मिळाली असती का, बाई?’

मी शिक्क्याची शाई बघितली. वाळली होती.

साहेबांनी एका ओळीत भागवलं :
अर्जदार ही व्यक्ती नाही.
खाली सही, तारीख, आणि
वारसाने शस्त्र स्वाधीन करावे.

पण ते स्वाधीन होतंच.
मागच्या निवडणुकीत जमा केलेलं,
अण्णा परत न्यायला आलेच नाहीत.
ठाण्याच्या कोठडीत, जप्त मोटारींच्या
बॅटऱ्यांमागे, भिंतीला टेकवून.
पंचनाम्याला मी गेले,
मदने पंच म्हणून आला, शिट्टीसकट.

हवालदारानं नळी उजेडाकडे धरली.
उजेड पलीकडे गेला नाही.
कुंभारमाशीनं तोंड लिंपून घेतलं होतं,
चिखलाचा गुळगुळीत बोळा,
अंगठ्याने दाबल्यासारखा.

हवालदार तार शोधायला गेला.
मदनेनं तेवढ्यात नळी हातात घेतली,
डोळा नाही लावला, कान लावला.
‘थांबा जरा,’ म्हणाला,
‘आत कोणतरी हाय.’