एरंडाचं गुऱ्हाळ

मकरपुऱ्यातले शेजारी म्हणतात, फणशांचं एरंडाचं गुऱ्हाळ.
खोटं नाही ते.
दांडा जागच्या जागी, आणि नऊच्या नऊ सिलिंडर
चरकाभोवती बैल फिरावेत तसे त्याच्याभोवती.
बाहेर उडतं तेही एरंडेलच:
भिंतीवर, माझ्या चष्म्यावर,
एकदा पलीकडच्या गच्चीतल्या पापडांवर.
त्याचं भांडण अजून मिटलेलं नाही.

आधी इग्निशन.
उत्तरायणात कापून आलेला जांभळा पतंग,
त्याची पट्टी पॉइंटांच्या फटीत धरायची
आणि इंजिन हातानं फिरवायचं, केसभर, केसभर.
कागद अडतो, अडतो,
मग आपसूक बोटात सुटून येतो.
"इथं ठिणगी," काका म्हणतात.
पिस्टन अजून वर पोचायचा असतो तेव्हा.
पोचल्यावर पेटवलं तर उशीर झालेला असतो.
(हे ते माझ्या लग्नाबद्दलही म्हणतात. असो.)

मग पेट्रोल.
दोन तरफा, एक हवेची, एक पेट्रोलची,
आणि दोघींचं आपसांत पटायला हवं.
जास्त झालं की काळा धूर ओकतं,
कमी झालं की शिंकतं.
"ढील दे... आता खेच. अगं खेच!"
सकाळी आठला जमलेलं बाराला जमत नाही.
मे महिन्यातली हवा पातळ,
तिला तेवढं पेट्रोल सोसत नाही.

आज ताल तुटत होता. नवात एक मुका.
बंद केलं. पेट्रोल आधी, ठिणगी मागून;
हा क्रम एकदा चुकला होता,
काकांच्या डाव्या भुवईला तेव्हापासून केस नाहीत.
इस्माईलभाईंनी तांब्यातलं पाणी
घावनाच्या तव्यावर शिंपडावं तसं शिंपडलं.
चर्र. चर्र. चर्र.
सातव्यावर थेंब नुसता बसून राहिला.

प्लग निघाला तो न्हाणीत नेण्याआधीच्या बाळासारखा,
तेलानं माखलेला.

दुसरा घातला. पंखा ओढला.
नऊही बोलायला लागले तेव्हा
चहा घेऊन आलेल्या पोरानं ओरडून विचारलं,
विमान कुठंय?

विमान नाहीच.
ट्रकच्या जुन्या चासीवर बोल्टांनी आवळलेलं हे इंजिन,
मागे आंब्याच्या रिकाम्या पेट्या.
काकांना ऐकू आलं नसावं.
डोळे वर पत्र्याकडे,
बोटं तरफेवर, जराशी मागे, जराशी पुढे,
ढील देत होते.